पहिला रस, दुसरा रस

सिंधुदुर्गातल्या घरात रोजच्या स्वयंपाकाला नारळ लागतो, नारळाचा रस मात्र रोज लागत नाही. रोजच्या आमटीला, बांगड्याच्या कालवणाला लागतं ते वाटण. खोवलेलं खोबरं, सुकी मिरची, धणे, हळद, माशांचं असेल तर तिरफळं, हे सगळं गंधासारखं बारीक वाटून कालवणात उतरवायचं. त्यात खोबऱ्याचा कणही वाया जात नाही. रस काढायचा तर हेच खोबरं वाटून पिळावं लागतं आणि चोथा बाजूला पडतो. जिथे नारळ मोजून वापरले जातात तिथे हे रोज परवडणारं नाही. म्हणून रस गणपतीत निघतो, नारळी पौर्णिमेला निघतो, मुंबईहून माणसं आली की निघतो. आणि एवढा ऐवज खर्ची घातल्यावर एकदा पिळून कुणी थांबत नाही. चोथ्यावर पुन्हा पाणी घालून दुसऱ्यांदा पिळतात, मग तिसऱ्यांदा.

ही काटकसर खरी, पण किनाऱ्यावरच्या स्वयंपाकातली सगळ्यात शहाणी रीत तिच्यातूनच आली असं मला वाटतं. पहिला रस दाट, स्निग्ध आणि गोडसर असतो. दुसरा गाईच्या दुधाइतका पातळ. तिसऱ्यात खोबऱ्याचा वास आणि थोडी चव, बाकी पाणीच. एका नारळातून, एकाच फडक्यातून निघालेले हे तीन वेगळे पदार्थ आहेत आणि त्यांची कामंही वेगळी आहेत. तिसऱ्या रसात डाळ, तांदूळ किंवा भाजी शिजते. दुसऱ्यात ती मुरते, गूळ-मसाला अंगी लागतो. पहिला सर्वांत शेवटी पडतो, आच अगदी मंद केल्यावर किंवा भांडं उतरवल्यावर. हा क्रम हाताला आला की खीर, मणगणं, भाज्यांचा रस्सा, कोलंबीचं कालवण या सगळ्यांची वेगवेगळी पाठांतरं करावी लागत नाहीत. उलट क्रम चुकला तर महागातलं महाग साहित्य घालूनही पदार्थ बेचव होतो: पहिला रस सुरुवातीलाच घालून उकळला की तो फुटतो, वर तेल तरंगतं, आणि ताज्या नारळाचा जो हलका गोडवा असतो तो निघून जातो.

डब्यातलं किंवा खोक्यातलं दूध एकाच दाटपणाचं असतं. ते वापरून लिहिलेल्या पाककृतींत ‘एक कप नारळाचं दूध’ एवढीच ओळ येते. कुठल्या पिळणीचं आणि कधी घालायचं, हा प्रश्नच उरत नाही. हे पुस्तक मी लिहिलं ते तो प्रश्न पुन्हा स्वयंपाकघरात यावा म्हणून. यातल्या पाककृती कमी-जास्त आवडतील, पण रस काढायला आणि तो पायरीपायरीने वापरायला एकदा शिकलं की बाकीचं वाचकाला स्वतःचं स्वतः सुचेल.

पश्चिम किनाऱ्याची आणि नारळाची संगत फार जुनी आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांमध्ये क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत, इसवीसनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचे. त्यातल्या एकात नानंगोल नावाच्या गावच्या 32,000 नारळाच्या झाडांच्या दानाची नोंद आहे. हे गाव म्हणजे उंबरगावाजवळचं आजचं नारगोळ असावं असं अभ्यासक मानतात, आणि हे दान ज्यांना पोचलं त्यांच्यात शूर्पारकातले, म्हणजे आजच्या सोपाऱ्यातले, संन्यासीही होते. झाडांची बाग दानात द्यावी इतकी ती तेव्हाच मोलाची होती. रसाबद्दलची नोंद मिळते ती पुष्कळ नंतर, गोव्यात. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. त्याचा हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा संवादरूप ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. त्यात नारळावरच्या प्रकरणात त्याने लिहून ठेवलं आहे की इथले लोक खोबरं कुटून त्याचं दूध काढतात, त्यात भात शिजवतात, आणि कोंबडी-मांसाची कालवणंही त्याच दुधात करतात. साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही नोंद वाचताना मला आनंद होतो तो तिच्या साधेपणाचा. आज आपण जे करतो तेच तो चुलीजवळ उभा राहून बघत होता.

आता नारळाकडे वळू. फुलोरा उमलल्यापासून नारळ पूर्ण पिकायला साधारण बारा महिने लागतात. सहा-सात महिन्यांचं शहाळं, त्यात पाणी भरपूर आणि खोबरं म्हणजे नुसती मलई. शहाळं आणि नारळ यांच्या मधला तो अडसर. त्याचं खोबरं खायला उत्तम, पण रस काढला तर पातळ आणि पाणचट निघतो, कारण स्निग्धांश अजून भरलेला नसतो. रसाला पूर्ण पिकलेलाच नारळ हवा. पिकलेल्या ताज्या खोबऱ्यात सुमारे एक तृतीयांश भाग तेल आणि जवळजवळ निम्मं पाणी असतं. कोकणातली जुनी उंच वाढणारी बाणवली जात यासाठी फार चांगली, तिचं खोबरं जाड आणि तेलकट असतं. शहाळ्यांसाठी म्हणून लावलेल्या नारंगी बुटक्या जातींचे नारळ दिसायला सुंदर, पण त्यांचं खोबरं पातळ आणि चिवट. रसाला त्यांच्या वाटेला जाऊ नये. रत्नागिरीजवळ भाट्ये इथे 1955 पासून नारळ संशोधन केंद्र आहे आणि तिथे बाणवलीतूनच निवडलेली प्रताप ही जात कोकणात आता बऱ्याच बागांत दिसते. बाजारात विकत घेणाऱ्याला जात विचारून उत्तर मिळेलच असं नाही. त्याने हातात धरून वजन बघावं, कानाशी नेऊन हलवावं. पाणी खळखळलं पाहिजे. आवाजच आला नाही तर एक तर तो कोवळा आहे, नाही तर पाणी आटलेला. डोळ्यांजवळ ओल किंवा बुरशी दिसली तर तो नारळ घेऊ नये, कितीही स्वस्त असला तरी.

फोडताना पाणी भांड्यात धरावं आणि आधी चाखावं. पाणी गोड तर नारळ चांगला. आंबूस किंवा साबणासारख्या वासाचं असलं तर तो नारळ रसाला घेऊ नये. वाटण्यात हे पाणी घालायची काहींना सवय असते. मी घालत नाही. त्याने रस लवकर आंबतो, आणि ते पिऊन टाकण्यासारखं असताना गाळायला कशाला लावायचं? आत कोंब आलेला असेल तर तो काढून मुलांना द्यावा, पण रसासाठी दुसरा नारळ फोडावा. वाढणारा कोंब खोबऱ्यातलं तेल आणि साखर खाऊन मोठा होतो, त्यामुळे अशा नारळाचा रस पातळ येतो आणि चवही वेगळी लागते.

खवताना करवंटीपर्यंत जायचं नाही. खोबऱ्याच्या पाठीवरची तपकिरी साल खवणीत आली की रसाला मळकट छटा येते आणि किंचित कडसर चव लागते. वाटणाच्या कालवणात ती कुणाच्या लक्षात येत नाही, पण सोलकढीचा गुलाबी रंग तिने मळतो आणि शिरवाळ्यांच्या रसात ती उघडी पडते. विळीच्या खवणीवर बसून, भकल हातात फिरवत खवणारी बाई हे बरोबर जाणते; पांढरं संपत आलं की तिचा हात आपोआप हलका होतो. खवणं जमत नसेल तर खोबऱ्याचे तुकडे काढून, पाठीची साल सुरीने तासून ते मिक्सरमध्ये फिरवले तरी चालतात. साल तासायचा कंटाळा मात्र करू नये.

पाटा की मिक्सर, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. पाट्यावर वरवंट्याच्या दाबाने खोबऱ्याच्या पेशी चिरडल्या जातात आणि रस चांगला सुटतो, हे खरं. पण मिक्सरच्या भांड्यात पाणी घालून थांबत थांबत फिरवलं तर निघणारा रस कमी प्रतीचा नसतो. खरा फरक पाण्याच्या उष्णतेने पडतो आणि त्याकडे लक्ष दिलं जात नाही, म्हणून इथे थोडं थांबते. खोबरेल तेल साधारण 24 ते 25 अंशांच्या खाली गोठतं. पुण्यात डिसेंबरमध्ये तेलाची बाटली पांढरी होते ती यामुळेच. गार पाण्याने वाटलेल्या खोबऱ्यात हे तेल घट्ट राहतं आणि पिळताना रसात न येता चोथ्यात अडकतं. फ्रिजमधून काढलेला नारळ तसाच वाटला तर भांड्याच्या कडेला लोण्यासारखे गोळे जमतात ते वेगळं काही नसून हेच तेल. दुसऱ्या टोकाला, उकळतं पाणी ओतलं तर खोबऱ्यातली प्रथिनं शिजतात, आणि ती शिजली की तेलाला पाण्यात धरून ठेवणारं कुणी उरत नाही. म्हणून हाताला सोसवेल इतकं कोमट पाणी. बोट बुडवून ठेवता आलं पाहिजे, पण सुखाने नव्हे.

एका मध्यम नारळाचा चव दोन ते अडीच वाट्या निघतो. पहिल्या वाटणाला अर्धी-पाऊण वाटी पाणी पुरे. जास्त घातलं तर पहिला रस पहिला राहत नाही. वाटून झाल्यावर पाच-दहा मिनिटं तसंच ठेवावं, मग पिळावं. दुसऱ्या खेपेला एक वाटी पाणी घालून तोच चोथा पुन्हा फिरवायचा. तिसऱ्याला पाणी दीड वाटीपर्यंत चालतं, आणि या वेळी फिरवण्याची गरज नाही, हाताने चांगला चोळला तरी पुरतो. तिन्ही रस वेगळ्या भांड्यांत ठेवायचे. पहिल्यांदा रस काढणारी माणसं इथे घाई करतात आणि सगळं एका पातेल्यात गाळतात. तसं केलं तर पिळायचे कष्ट तेवढेच पडतात आणि हातात डब्यातल्यासारखं एकच दूध येतं.

गाळणीने रस निघत नाही, पिळल्याने निघतो. गाळणीतून जे खाली येतं त्याच्या बरोबरीने ऐवज वर चोथ्यात राहिलेला असतो. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं मलमल किंवा सुती पंचाचा तुकडा याच्यासाठी वेगळा ठेवावा. त्याला खळ नको, सुगंधी साबणही नको; तेलकट पदार्थ वास फार पटकन धरतो. मूठभर वाटलेलं खोबरं फडक्यात घेऊन, टोकं एकत्र करून पीळ देत जायचा, आणि शेवटचे थेंब सोडायचे नाहीत. सगळ्यात दाट रस शेवटच्या पिळाला येतो. चोथा हातात कोरडा आणि मोकळा लागला म्हणजे झालं. तिसऱ्या पिळणीनंतरही त्यात थोडं तेल आणि भरपूर तंतू असतात. मंद आचेवर भाजून लसूण-मिरचीबरोबर त्याची सुकी चटणी होते, थालीपिठाच्या पिठातही तो छान मिसळतो. रसाचा चोथा टाकून देणारं कोकणी घर मी पाहिलेलं नाही.

रस फुटतो म्हणजे काय होतं, हे कळल्याशिवाय तो सांभाळता येत नाही. नारळाचा रस म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे अतिसूक्ष्म थेंब. खोबऱ्यातली प्रथिनं आणि काही स्निग्ध द्रव्यं या थेंबांभोवती पातळ आवरण करतात, म्हणून ते एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत. ही व्यवस्था नाजूक आहे. रस नुसता ठेवला तरी काही तासांत दाट साय वर येते आणि पाणी खाली राहतं. ढवळलं की ते परत एक होतं, ते काही फुटणं नव्हे. खरं फुटणं दोन कारणांनी होतं. रस 80 अंशांच्या वर तापला की आवरणातली प्रथिनं गोठायला लागतात, आणि आंबटपणा एका हद्दीपलीकडे गेला तरी तेच होतं. दोन्ही एकत्र आली, म्हणजे चिंच किंवा कोकम घातलेल्या कालवणात पहिला रस घालून वर उकळी आणली, तर तो वाचत नाही. म्हणून जुन्या हातांच्या सगळ्या सवयी: रस घातल्यावर झाकण ठेवायचं नाही, ढवळणं थांबवायचं नाही, कडेला बुडबुडे दिसले की उतरवायचं. काही जणी रसात चमचाभर तांदळाची पिठी कालवतात. पिठीने रस दाट होतो आणि थेंबांना एकत्र यायला अडथळा येतो, पण ताज्या रसाची चव त्याने बोथट होते. कालवणात ती चालेल, खिरीत मला नको वाटते.

आणि फुटणं हा नेहमीच दोष असतो असंही नाही. थायलंडच्या स्वयंपाकात दाट रस मुद्दाम आटवून त्याचं तेल सुटू देतात आणि त्या तेलात कढीचा मसाला परततात. इंडोनेशियातलं रेंदांग हे मांसाचं कालवण तर रस पूर्ण आटून, तेल सुटून, मांस त्या तेलात परतलं जाईपर्यंत शिजत राहतं. आपल्याकडेही रस कढवून घरचं खोबरेल तेल काढतात, लहान मुलांच्या अंगाला लावायला. फुटू द्यायचं की नाही हे आपण ठरवलेलं असलं म्हणजे झालं.

सोलकढी हा या सगळ्याचा कस आहे. तिच्यात आंबटपणा भरपूर, रसही भरपूर, आणि तरी ती एकजीव हवी. म्हणून तिला विस्तव दाखवायचा नाही. कोकमं म्हणजे सोलं कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून गाळून घ्यायची, ते पाणी पूर्ण थंड होऊ द्यायचं. नारळाबरोबरच लसूण आणि हिरवी मिरची वाटून त्यांच्यासकट रस पिळायचा, मग दोन्ही एकत्र करून मीठ घालायचं, वर कोथिंबीर. आगळ वापरत असाल तर त्यात मीठ आधीच असतं, तेव्हा चाखून घ्यावं. इतकं केलं तरी तासाभराने कढीत बारीक कण दिसायला लागतात, कारण कोकमातलं आम्ल आपलं काम हळूहळू करतच असतं. म्हणून सोलकढी पानं मांडल्यावर करायची. सकाळी करून संध्याकाळी वाढलेली, दाट गुलाबी आणि मुळीच न फुटलेली कढी हॉटेलात मिळते तेव्हा तिच्यात रंग किंवा पीठ असण्याची शक्यता धरून चालावं. चांगल्या कढीचा रंग फिका असतो.

गोडाच्या बाजूला शिरवाळे पहिले. तांदळाच्या उकडीचे गोळे पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच लाकडी साच्यातून त्यांच्या शेवया पाडायच्या. साचा दाबायला घरातला बळकट माणूस लागतो. सोबत गूळ आणि वेलदोडा घातलेला कच्चा रस. इथे काहीच शिजवायचं नसल्याने पहिला आणि दुसरा रस एकत्र करतात, आणि नारळ चांगला होता की नाही हे पहिल्या घासालाच कळतं. खापरोळीबरोबर, घावनांबरोबर हाच रस. गोव्याच्या मणगण्यात मात्र तिन्ही पायऱ्या लागतात: चण्याची डाळ पातळ रसात शिजते, साबुदाणा आणि गूळ दुसऱ्यात, आणि दाट रस घालून भांडं लगेच खाली. गुळाबद्दल एक सावधगिरी. काही गूळ आंबूस असतो आणि गरम रसात पडला की तो रस फाडतो. गूळ पाण्यात वेगळा विरघळवून, गाळून, कोमट झाल्यावर मिसळला तर ही भीती राहत नाही. कायस्थ प्रभूंच्या घरी श्रावणात होणारं निनावं बेसन, गूळ आणि नारळाच्या रसाचं असतं. ते आटवून वड्या पाडायच्या असल्याने तिथे रस उकळण्याला हरकत नाही, हातात दम मात्र हवा.

रसाशी कुणाचं नातं कसं जुळलं, याची कारणं वेगवेगळी आहेत. अलिबाग-पेणच्या बाजूला शतकानुशतकं राहिलेल्या बेने इस्रायली कुटुंबांना धर्मनियमाप्रमाणे मांस आणि जनावराचं दूध एकत्र खाता येत नाही. त्यांच्या मटणाच्या रश्शाला दाटपणा आणि गोडवा आला तो नारळाच्या रसाने. रोश हशानाला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, गव्हाचा चीक आणि नारळाचा रस आटवून चिकाचा हलवा होतो. मांसाहारी जेवणानंतरही तो खाता येतो, कारण त्यात जनावराचं दूध नाही. 1948 नंतर यांतली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली आणि घरात मराठी बोलणाऱ्या तिथल्या वृद्धांबरोबर हा हलवाही तिकडे गेला. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळचं दोदोल तांदळाचं पीठ, काळा गूळ आणि रस तासन् तास ढवळून होतं. बेबिंकेचे थर अंड्याचं पिवळं बलक, साखर आणि दाट रसाचे. याच समाजात लग्नाच्या आदल्या दिवशी नवरा-नवरीला नारळाच्या रसाने न्हाऊ घालण्याचा ‘रोस’ विधी आहे. हिंदूंची हळद जिथे, तिथे त्यांचा रोस. या पुस्तकात त्या घरांतल्या पाककृती घेताना मी त्यांची नावं, मापं आणि क्रम जसेच्या तसे ठेवले आहेत. त्यांच्यावर मालवणी हात फिरवलेला नाही.

पायरीपायरीने रस वापरण्याची रीत आपल्यापुरती नाही. केरळात पहिला, दुसरा आणि तिसरा रस ही मापं प्रत्येक घरात ठरलेली आहेत, आणि ओणमच्या अडा प्रधमनमध्ये ते तिसऱ्यापासून पहिल्याकडे असे चढत्या दाटीने पडतात. श्रीलंकेत, थायलंडमध्ये, फिलिपाइन्समध्ये दाट आणि पातळ रस वेगळे ठेवण्याची चाल आहे. जिथे जिथे माणसाने नारळ हाताने पिळला तिथे तो याच निष्कर्षावर आला.

डब्याला मी शत्रू मानत नाही. रस काढून तो टिकवणं अवघड आहे, आणि ते ज्यांनी साधलं त्यांनी लाखो शहरी घरांत नारळाची चव पोचवली. फक्त डब्यात काय असतं ते जाणून घ्यावं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनी 2003 साली ठरवल्याप्रमाणे नारळाच्या दुधात किमान 10 टक्के, हलक्या दुधात 5 टक्के आणि क्रीममध्ये 20 टक्के स्निग्धांश असावा लागतो. म्हणजे ‘लाइट’ लिहिलेला डबा हा बहुधा आपल्या दुसऱ्या रसाच्या जवळ येतो, आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट किंमत देऊन घेतलेलं क्रीम पहिल्याच्या. उष्णतेने निर्जंतुक करताना रस फुटू नये म्हणून त्यात बहुतेक वेळा गवारीच्या बियांचा डिंक घालतात. त्या डिंकामुळे डब्यातलं दूध उकळी सहन करतं, आणि त्याच डिंकामुळे ते जिभेवर थोडं बुळबुळीत लागतं. जिथे दीर्घ उकळी अटळ आहे तिथे, घाईच्या दिवशी, डबा जरूर वापरावा. शिरवाळ्यांना, सोलकढीला आणि मणगण्याच्या शेवटच्या रसाला मात्र मी त्याला हात लावू देणार नाही.

घरचा रस गाईच्या दुधासारखाच लवकर नासतो. मे महिन्यात दोन-तीन तासांच्या वर तो बाहेर ठेवू नये. फ्रिजमध्ये एक दिवस, फार तर दोन. साय घट्ट झाली तर कोमट पाण्यात भांडं ठेवून ढवळावी. जास्त दिवस हवा असेल तर बर्फाच्या साच्यात गोठवावा. वितळल्यावर तो विरजल्यासारखा दिसतो, कोमट करून रवीने घुसळला की बराचसा सावरतो, पण असा रस कालवणालाच वापरावा.

आरोग्याबद्दल थोडक्यात आणि स्पष्ट. नारळाच्या रसात दुधातली साखर नाही, त्यामुळे ज्यांना दूध पचत नाही त्यांना तो चालतो. वनस्पतिजन्य असल्याने त्यात कोलेस्टेरॉल नाही, परंतु त्यातलं तेल बहुतांश संपृक्त आहे, आणि संपृक्त स्निग्धांश रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात. ज्यांना वैद्यांनी जपायला सांगितलं आहे त्यांनी दाट रस बेतानेच घ्यावा. प्रथिनं आणि कॅल्शियम यांच्या बाबतीत तो दुधाची जागा घेऊ शकत नाही, म्हणून लहान मुलांना दुधाऐवजी तो देऊ नये. सणाच्या पानावर वाढलेला हा पदार्थ आहे आणि सणाच्या मानाने तो खाल्ला तर त्याच्याशी भांडायचं कारण पडत नाही.

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांना पिकलेला, शेंडीचा नारळ मिळणं कठीण जातं; मिळाला तर तो बऱ्याचदा जुना असतो. त्यांनी भारतीय दुकानांतला गोठवलेला खवलेला नारळ घ्यावा. तो पूर्ण वितळू द्यावा आणि नेहमीपेक्षा किंचित गरम पाण्याने वाटावा, कारण आतलं तेल गोठून घट्ट झालेलं असतं. त्याचा पहिला रस ताज्या नारळाइतका गोड येत नाही, पण क्रम तोच ठेवता येतो. सुका खोबऱ्याचा कीस वापरायचा तर तो बिनसाखरेचा बघून गरम पाण्यात अर्धा तास भिजवावा. त्यातून दुसऱ्या प्रतीचा रस निघतो आणि भाज्यांच्या रश्शाला तो पुरतो. सोलकढी त्याची करू नये.

शेवटी मापांविषयी. या पुस्तकात वाटी म्हणजे दीडशे मिलिलिटरची आमटीची वाटी. नारळ म्हटलं की मध्यम आकाराचा, पिकलेला. जिथे नुसता ‘रस’ लिहिला आहे तिथे पहिला आणि दुसरा एकत्र समजावा. बाकी सगळीकडे ‘पहिला’, ‘दुसरा’, ‘तिसरा’ असं वेगळं दिलं आहे आणि तो कुठल्या टप्प्यावर पडतो हे प्रत्येक कृतीत सांगितलं आहे. ज्यांनी आधी कधीच रस काढलेला नाही त्यांनी शिरवाळ्यांचं प्रकरण आधी उघडावं. साचा नसेल तर तोच रस साध्या घावनांबरोबर करावा. त्यानंतर मणगणं. सोलकढी तिसरी.